एमएस आपल्या लोकांत जास्त जोरात येतो का?

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: "माझी मुलगी 29 वर्षांची. चार वर्षांपासून ह्यूस्टनला नोकरी करते. गेल्या महिन्यात तिला मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं. 14 महिन्यांपूर्वी तिला एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं होतं. तीन आठवड्यांत आपोआप बरं झालं म्हणून तिने सोडून दिलं. आता उजवा पाय जड पडलाय. तिथल्या ओळखीतल्या कुणीतरी तिला सांगितलं, की गोऱ्या लोकांपेक्षा बाकीच्यांना हा आजार लवकर अपंग करतो. हे खरं का? आपलं रक्तच तसं आहे का? आणि मग औषधही वेगळं लागतं का?"

ताई, आकड्यांत फरक दिसतो आणि तो खरा आहे. पण "आपलं रक्तच तसं" हे त्याचं कारण मला मान्य नाही, आणि तुमच्या मुलीने ते मनात धरून बसू नये असं मला कळकळीने वाटतं. मी 31 वर्षं मेंदू आणि मज्जातंतूंचे रुग्ण तपासते, त्यातली बहुतेक वर्षं विदर्भात. वीस वर्षांपूर्वी मी या प्रश्नाचं उत्तर वेगळं दिलं असतं, आणि ते चुकलं असतं. म्हणून सविस्तर लिहिते.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस: यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू, डोळ्याची नस आणि पाठीचा कणा यांतल्या नसांवरच्या आवरणावर, म्हणजे मायलिनवर, हल्ला करते. आधी एक गल्लत दूर करू. आजार होण्याची शक्यता ही एक गोष्ट आणि झालेला आजार किती जोर धरतो ही दुसरी. पहिल्या बाबतीत आपली माणसं बरीच सुरक्षित आहेत. पूर्व लंडनमध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि बांगलादेशी-भारतीय-पाकिस्तानी कुटुंबं शेजारीशेजारी राहतात आणि एकाच सरकारी आरोग्यसेवेकडे जातात. तिथली एक मोजणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. दर एक लाख गोऱ्या लोकांमागे 180 रुग्ण, कृष्णवर्णीयांत 74 आणि दक्षिण आशियाई लोकांत 29. मंगळूर शहरात डॉ. लेखा पंडित यांच्या पाहणीत लाखामागे आठाहून थोडे जास्त रुग्ण सापडले. मुंबईच्या पारशी समाजात मात्र डॉ. नोशीर वाडिया यांनी 1990 मध्येच लाखामागे 26 असं प्रमाण दाखवलं होतं, आणि तेव्हा उरलेल्या भारतासाठी धरला जाणारा अंदाज लाखात एकाच्या आसपास होता. म्हणजे एकाच देशात, साधारण त्याच हवेत आणि त्याच उन्हात राहणाऱ्या दोन समाजांत फरक होता. त्यात वंशाचा भाग आहे, हे मी नाकारत नाही.

पण त्याच वर्षी इंग्लंडमधून उलट बाजूचा पुरावाही आला. भारतीय उपखंडातून आणि वेस्ट इंडीजमधून तिथे गेलेल्या लोकांत एमएस कमी होता. त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांत मात्र तो स्थानिक लोकांच्या जवळपास जाऊन पोहोचला होता. आईबापांचं रक्त तेच, बदललं होतं ते लहानपण जिथे गेलं ते गाव. ऊन, लहानपणीची जंतुसंसर्गाची वेळ, विशेषतः एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण कोणत्या वयात झाली, असे बरेच धागे त्यात आहेत. त्यात आज शिरत नाही. तुमचा प्रश्न दुसरा आहे.

तुमचा प्रश्न जोराचा आहे. जोर मोजतात कसा, हे आधी सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

जगभर वापरतात ती पट्टी डॉ. जॉन कर्टझ्के यांनी 1983 मध्ये आजच्या रूपात आणली. शून्य ते दहा. शून्य म्हणजे तपासणीत काहीही दोष नाही. चारच्या पुढे ती पट्टी जवळजवळ फक्त चालणंच मोजते. माणूस आधाराशिवाय, न थांबता किती मीटर चालतो? 500 मीटर गेला तर चार. 200 गेला तर पाच. 100 मीटर जायलाही एका हातात काठी लागली तर सहा. आमच्या ओपीडीबाहेरच्या व्हरांड्यात फरशीवर 25 मीटरच्या अंतराने दोन पिवळ्या रेघा मारलेल्या आहेत. रुग्ण चार खेपा करतो, मी किंवा माझा निवासी डॉक्टर शेजारून चालतो. तिसऱ्या खेपेला पाऊल घासल्याचा आवाज यायला लागला की आम्हाला कळतं. संशोधनात ज्याला "तीव्र आजार" म्हणतात, तो बहुतेक वेळा सहाचा आकडा गाठायला लागलेल्या वर्षांवरून काढलेला असतो: पहिल्या लक्षणापासून काठीपर्यंत किती वर्षं लागली.

आता अमेरिकेतली गोष्ट. सर्वांत जास्त अभ्यास तिथल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर झाले आहेत, आणि तुमच्या मुलीच्या कानावर आलेलं विधान तिथूनच फिरत फिरत आलं असणार. 2004 मध्ये डॉ. ब्रूस क्री आणि सहकाऱ्यांनी 375 कृष्णवर्णीय आणि 427 गोऱ्या रुग्णांची तुलना केली. काठी लागण्याची शक्यता कृष्णवर्णीयांत 1.67 पट निघाली, आणि तीही उपचारांतला फरक हिशेबात धरून. डोळ्याची नस आणि पाठीचा कणा यांच्यापुरता मर्यादित राहणारा प्रकारही त्यांच्यात दुपटीहून जास्त होता. नंतर डोळ्याच्या पडद्याच्या जाडीवर आणि मेंदूच्या आकारमानावर वर्षानुवर्षं नजर ठेवणारे अभ्यास झाले. त्यांतही ऱ्हासाचा वेग जास्त दिसला. हे सगळं मी नाकारत नाही.

पण त्या माणसांबद्दल आम्हा डॉक्टरांना काय शिकवलं गेलं होतं? एमएस हा उत्तर युरोपातल्या गोऱ्या बाईचा आजार. मी एमडी करत होते तेव्हा पाठ्यपुस्तकात हेच होतं, आणि परीक्षेत हेच लिहायचं होतं. त्यामुळे एखादी कृष्णवर्णीय बाई पाय लटपटतात म्हणून दवाखान्यात गेली, तर एमएसचा विचार शेवटी व्हायचा. 2013 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यविमा संस्थेच्या नोंदींवरून डॉ. ॲनेट लँगर-गूल्ड यांनी नव्या निदानांचा हिशेब मांडला, तेव्हा वर्षाला लाखामागे कृष्णवर्णीयांत 10.2 नवे रुग्ण, गोऱ्यांत 6.9, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मूळच्या) लोकांत 2.9 आणि आशियाई लोकांत 1.4 असं चित्र निघालं. सर्वांत जास्त धोका कृष्णवर्णीय स्त्रियांना होता. ज्यांना हा आजार "होत नाही" असं आम्ही शिकलो, त्यांनाच तो सर्वांत जास्त होत होता. इतकी वर्षं त्या बायकांच्या तक्रारींना कुणी काय नाव दिलं असेल, याचा विचार केला की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आता ही गोष्ट काठीच्या हिशेबाला लावून पाहा. निदान ज्या दिवशी झालं तिथून घड्याळ सुरू केलं, तर उशिरा निदान झालेल्या माणसाचा आजार आपोआपच धावल्यासारखा दिसतो, कारण अर्धी वाट त्याने निदानाआधीच चाललेली असते. शहाणे संशोधक म्हणून घड्याळ पहिल्या लक्षणापासून सुरू करतात. पण पहिलं लक्षण आठवायला ते कुणीतरी तेव्हा लिहून ठेवलेलं असावं लागतं. ज्याच्याकडे नेहमीचा डॉक्टर आहे, त्याचं "डोळा दुखला, धूसर दिसलं" हे कागदावर येतं. ज्याच्याकडे नाही, त्याचं तीन आठवड्यांचं धूसर दिसणं सात वर्षांनी त्यालाही आठवत नाही. दुसरी गोष्ट, सौम्य आजाराचा गरीब माणूस मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. एमआरआय होत नाही, नोंद होत नाही. पोहोचतो तो जोरात पडलेला. मग त्या समाजाचे नोंदलेले सगळेच रुग्ण जोराचे दिसणार.

हे मी अमेरिकेवरून तर्काने सांगत नाही, रोज पाहते. काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातून एक अंगणवाडीसेविका आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तक्रार काय, तर एसटीतून उतरताना चप्पल पायातून निसटून पायरीवरच राहिली आणि ती अनवाणी वीस पावलं चालत गेली, तरी तिला कळलं नाही. मागून कंडक्टरने हाक मारली. आमच्याकडे या एका वाक्याला फार किंमत आहे. चप्पल निसटली आणि कळलं नाही, म्हणजे पायाची जाण मेंदूपर्यंत जात नाही. घोट्याच्या हाडावर ट्युनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, टेकवला की खात्री पटते. तिला तो थरथरताना जाणवलाच नाही, गुडघ्यावर थोडा, कमरेच्या हाडावर स्पष्ट. तिचं घड्याळ मी त्या दिवसापासून सुरू केलं असतं, तर दोन वर्षांत ती काठीवर आली असं लिहिलं गेलं असतं. पण एमआरआयच्या फिल्म लाइटबॉक्सवर लावल्या तेव्हा मेंदूत ताज्या डागांच्या शेजारी जुने, काळे पडलेले डागही होते. मग खोदून विचारायला बसले. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायचं? हो, धाकट्याच्या वेळी. डोळा? आठवत नाही. तिची आई कोपऱ्यात बसली होती, ती म्हणाली, लग्नाच्या आधी एका डोळ्याने दिसेना झालं होतं, तालुक्याला चष्म्याचा नंबर काढून आणला होता. तो चष्मा तिने कधी लावलाच नाही, कारण डोळा महिन्यात सुधारला. म्हणजे आजार अकरा वर्षं जुना होता. दोन वर्षांत काठी आणि अकरा वर्षांत काठी, यांत केवढा फरक आहे! त्या बाईच्या वंशाबद्दल कुणी दोनच वर्षांच्या आकड्यावरून निष्कर्ष काढला असता, तर तो तालुक्याच्या रस्त्याबद्दलचा आणि चष्म्याच्या दुकानाबद्दलचा निष्कर्ष झाला असता.

जाता जाता उन्हाबद्दल. एमएसमध्ये अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हे 1890 मध्येच टिपलं होतं. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडून आलेला माणूस दुपारी तपासला तर डिसेंबरपेक्षा एक-दीड आकडा वाईट भरतो. तो नवा अटॅक नसतो आणि त्यासाठी स्टेरॉइडचं सलाईन लागत नाही. ह्यूस्टनचा उन्हाळाही दमट आणि कडक असतो, तेव्हा मुलीला हे सांगून ठेवा. गार पाण्याची आंघोळ, पंखा, सकाळी लवकर व्यायाम.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग तिच्यात आहे.

पूर्वी आम्ही "आशियाई एमएस" असा शब्द वापरायचो. जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन फार काटेकोर केलं होतं. डोळ्यांच्या नसा आणि पाठीचा कणा यांवरच हल्ला होतो, मेंदू जवळजवळ कोरा राहतो, आणि एकेक अटॅक इतका जबर असतो की डोळा कायमचा जातो किंवा पाय जातात. आपल्याकडेही असे रुग्ण भरपूर. त्यामुळे "आशियाई माणसात एमएस वाईट वागतो" हे आमच्यातही ठाम बसलं होतं. 2004 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. व्हँडा लेनन यांच्या गटाने जपानी सहकाऱ्यांबरोबर या रुग्णांच्या रक्तात एक खास प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) शोधलं. पुढच्याच वर्षी त्याचं लक्ष्यही सापडलं: ॲक्वापोरिन-4, पेशीत पाणी ये-जा करण्याची वाट. आणि चित्रच पालटलं. त्या "वाईट वागणाऱ्या आशियाई एमएस"मधले अनेकजण एमएसचे रुग्ण नव्हतेच. त्यांना न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, आम्ही एनएमओ म्हणतो, हा वेगळाच आजार होता. त्याची यंत्रणा वेगळी आणि औषधंही वेगळी.

ही तपासणी आमच्या भागात सहज मिळेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. त्या मधल्या काळात माझ्याकडे एक शाळकरी मुलांची शिकवणी घेणारी तरुण मुलगी होती. दोन वेळा डोळा, एकदा कणा. मी एमएस म्हटलं आणि बीटा इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू केली, जी तेव्हा एमएसचं चांगलं औषध मानली जात. घरच्यांनी शेतीचा तुकडा विकून ती घेतली. पाच महिन्यांत तिला लागोपाठ दोन अटॅक आले आणि दुसऱ्यात दोन्ही पाय गेले. मी फाइलवर "तीव्र स्वरूपाचा एमएस" असं लिहिलं, माझ्याच अक्षरात. नंतर रक्त बाहेर पाठवलं, ॲक्वापोरिन पॉझिटिव्ह आलं. इंटरफेरॉनने एनएमओ बिघडतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. नॅटालिझुमॅब आणि फिंगोलिमॉड ही एमएसची आणखी दोन औषधंही त्यात घातक ठरू शकतात. तिची औषधं बदलल्यावर पुढचे अटॅक थांबले, गेलेले पाय परत आले नाहीत. तिच्या आजाराचा जोर तिच्या वंशात नव्हता. चुकीच्या नावात आणि त्या नावापायी दिलेल्या औषधात होता.

म्हणून ताई, तुमच्या मुलीच्या फाइलीत पहिली गोष्ट मी ही शोधीन: ॲक्वापोरिन-4 आणि मॉग (एमएससारखाच भासणारा आणखी एक वेगळा आजार दाखवणारं) या दोन्ही प्रतिद्रव्यांची तपासणी झाली आहे का, आणि ती पेशींवर करायच्या पद्धतीने झाली आहे का. ही पद्धत जास्त भरवशाची आहे. डोळा आणि मग पाय, हा क्रम एमएसमध्ये अगदी नेहमीचा आहे, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण आपल्याकडच्या माणसात हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा माझा नियम आहे. वंशाची माहिती इथे खरोखर कामाची आहे: कोणती शंका आधी काढायची, हे ती सांगते.

मग सगळा फरक उशिराचा आणि चुकीच्या निदानाचाच का? तसंही नाही, आणि इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. फ्रान्समध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या आणि युरोपीय वंशाच्या रुग्णांची तुलना 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. देश एक, सार्वजनिक आरोग्यविमा एक. तरीही उत्तर आफ्रिकी रुग्णांत अपंगत्व लवकर आलं होतं. विमा सारखा असला म्हणजे आयुष्य सारखं होत नाही हे खरं. भाषा, कामाचे तास, घर, भीती हे सगळं उरतंच. पण शरीरातलं काहीच नाही असं म्हणणंही धाडसाचं ठरेल. कृष्णवर्णीय रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात प्रतिद्रव्यांचं प्रमाण जास्त सापडलं आहे. त्याला काहीतरी अर्थ असणार.

जनुकांचं म्हणाल, तर आजार होण्याशी जोडलेल्या जागा दोनशेहून जास्त सापडल्या आहेत. आजाराच्या जोराशी ठामपणे जोडलेली पहिली जागा मात्र 2023 मध्ये सापडली, बारा हजारांहून जास्त रुग्ण तपासून. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तो बदल आलेल्यांना चालण्यासाठी आधार सरासरी 3.7 वर्षं आधी लागला. तो सगळा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांचा होता. म्हणजे जोराचं जनुक सापडलं ते गोऱ्यांमधला एक गोऱ्यांमधल्या दुसऱ्यापेक्षा का लवकर थकतो हे शोधताना. आणि त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जिच्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही: जास्त शिक्षण असलेल्यांत आजार सौम्य, धूम्रपान करणाऱ्यांत जोराचा. शिक्षण काही मायलिनवर थेट काम करत नाही. शिक्षणाने वेळेवर दवाखाना मिळतो, बसून करायचं काम मिळतं, औषध सुटत नाही. वंशाच्या नावाखाली आपण जे मोजतो, त्यातलं बरंच काही असंच असतं, अशी माझी समजूत इतक्या वर्षांत पक्की होत गेली आहे.

आपल्या लोकांसाठी मला सर्वांत जास्त काळजीची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. 2010 मध्ये डॉ. रूथ ॲन मेरी यांनी उत्तर अमेरिकेतल्या रुग्णनोंदीवरून दाखवलं, की मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हृदयविकार यांपैकी काहीही सोबत असेल, तर निदानापासून चालायला आधार लागेपर्यंतचा काळ 18.8 वर्षांवरून 12.8 वर्षांवर येतो. सहा वर्षांचा फरक! वंशावरून जेवढा फरक लोक बोलून दाखवतात, त्याच्या तोडीचा हा फरक आहे, आणि हा आपल्या हातात आहे. मधुमेह आपल्या घराघरात आहे, तो गोऱ्यांपेक्षा दहा वर्षं आधी आणि बारीक अंगाच्या माणसालाही येतो. तुमच्याकडे कुणाला साखर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर मुलीच्या डॉक्टरांना कळू द्या. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर आणि रक्तदाब दरवर्षी पाहिला गेलाच पाहिजे. स्टेरॉइडच्या प्रत्येक कोर्सनंतर तर नक्कीच.

औषध वेगळं लागतं का? वंश पाहून निवडायचं औषध आज नाही. एमएसवरच्या औषधांच्या चाचण्या बहुतांशी गोऱ्या रुग्णांवर झाल्या. 2015 मध्ये काही तज्ज्ञांनी मोजलं, तेव्हा एमएसवरच्या सुमारे 60 हजार शोधनिबंधांत कृष्णवर्णीयांवर केंद्रित असलेले 113 आणि हिस्पॅनिक लोकांवरचे 23 निघाले. आता परिस्थिती बदलते आहे; फक्त कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्णांवर ऑक्रेलिझुमॅब या एमएसवरच्या ताकदीच्या औषधाची चाचणी घेण्यात आली आहे. दक्षिण आशियाई रुग्णांवरचे अभ्यास अजून छोटे आहेत. पण औषधांची यंत्रणा पाहता ती आपल्यावर कमी चालतील असं मानायला आधार नाही, आणि माझ्या रुग्णांत ती चालताना मी पाहते. त्याच जातीचं रिटुक्सिमॅब हे औषध आपल्याकडे भारतीय कंपन्या बनवतात, म्हणून ते पुष्कळांच्या आवाक्यात आलं. ज्यांना ते पहिल्या-दुसऱ्या वर्षातच मिळालं, त्यांच्या व्हरांड्यातल्या खेपा आजही न अडखळता होतात.

फरक औषधाच्या नावात नसला, तरी वेळेत आहे. जुनी पद्धत अशी, की आधी सौम्य औषध, अटॅक आला की वरचं, मग त्याच्या वरचं. ज्यांच्यात आजार जोर धरण्याची शक्यता जास्त, त्यांना ही शिडी परवडत नाही. पाठीच्या कण्यात डाग आहे, सुरुवातीच्या अटॅकमध्येच चालणं बिघडलं आहे, 14 महिन्यांत दोन अटॅक झाले आहेत. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे तिन्ही किंवा दोन तरी असणार. मी तिची डॉक्टर असते तर सुरुवातच ताकदीच्या औषधाने करण्याचा आग्रह धरला असता. ती भारतीय आहे म्हणून नव्हे. कुणीही असती तरी.

भारतात वाढल्यामुळे दोन तपासण्या मात्र तिच्यासाठी जास्त महत्त्वाच्या आहेत. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करण्याआधी दबून राहिलेला क्षयरोग आहे का, हे रक्ताच्या तपासणीने पाहायचं, आणि हिपॅटायटिस बी. रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅबनंतर झोपलेला हिपॅटायटिस बी जागा होऊ शकतो. अमेरिकेतले डॉक्टर हे तपासतातच, पण लहानपणी घरात कुणाला टीबी झाला होता का, हे फक्त तुम्हालाच ठाऊक असेल. आजोबा-आजी, घरकामाला येणारी बाई, कुणीही. आठवून तिला कळवा. राहिलेल्या लसी औषधाआधी घ्यायच्या. पुढे मूल हवं असेल तर तेही आत्ताच सांगायचं, कारण औषधाची निवड त्यावर ठरते. एमएस असलेल्या बायकांना मुलं होतात, चांगली होतात.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा, त्याहून मोठ्या आशा त्याच्यावर ठेवू नका. स्टेम सेलच्या जाहिरातींतून येणाऱ्या फोनना उत्तर देऊ नका. एमएससाठी खरी स्टेम सेल प्रक्रिया म्हणजे केमोथेरपीसह मोठ्या केंद्रात करायचं गंभीर काम असतं, दवाखान्यातलं एक इंजेक्शन नव्हे. आणि भारतात परत यायची वेळ आली तर घाबरू नका. औषधं इथे मिळतात, एमएस सोसायटीच्या शाखा आहेत, आणि 2016 च्या अपंगत्व कायद्यात एमएसचं नाव स्वतंत्रपणे आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं.

शेवटी एक छोटं काम. 14 महिन्यांपूर्वीचं ते धूसर दिसणं तिच्या तिथल्या कागदांत नोंदलेलं आहे का, कोणता डोळा, रंग फिके दिसत होते का, डोळा हलवताना दुखत होता का, हे तिला पाहायला सांगा. नसेल, तर आत्ता ताजं आठवतंय तोवर तारखेसह लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हातात द्यायला सांगा.